जुन्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन आधीच्या मालकाने बदललंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याला कुणीतरी हौसेने जपलेली जुनी टू-सीटर गाडी घ्यायची आणि गावच्या घरी, आंब्याच्या बागेजवळच्या शेडमध्ये आणून ठेवायची, असं करणारे आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरेच दिसतात. गाडी दारात आली की दुसऱ्या दिवशीपासून फोन सुरू होतात : खालून बघितलं तर वेगळेच शॉकअप आहेत, हे ठेवू की काढू?

उत्तरं देताना एमजीबी ही गाडी डोळ्यासमोर धरली आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) आणि चारही कोपऱ्यांना लिव्हरचे शॉकअप, म्हणजे तेल भरलेली डबी आणि तिला वर-खाली हलणारा दांडा. यंत्रणा इतकी साधी की कुणी काय उद्योग केलेत ते खाली झोपलं की दिसतं. तुमची गाडी दुसरी असली तरी बघायची रीत तीच.

विकणारा म्हणतो सगळं ओरिजनल आहे. खरं-खोटं कसं ओळखायचं?

बोल्ट बघा. पार्ट नंतर, बोल्ट आधी. त्या काळच्या ब्रिटिश गाडीत इंची बोल्ट असतात, यूएनएफ आणि यूएनसी आट्यांचे. सस्पेन्शनच्या एखाद्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला दिसला तर तो मिलिमीटरचा बोल्ट, म्हणजे इथे कुणीतरी हात घातलेला आहे. त्यात लगेच वाईट मानण्यासारखं काही नाही. पण ३/८ इंचाच्या भोकात १० मिमीचा बोल्ट हातोडीने बसवला असेल, किंवा तीन वॉशर एकावर एक टाकून लांबी जुळवली असेल, तर बाकीचं कामही त्याच हाताने झालंय असं समजून पुढे बघायचं.

मग रंग. अख्ख्या गाडीखाली जुनाट काळपट थर आणि एकाच ब्रॅकेटवर चकचकीत काळा स्प्रे असेल तर तिथे बोट ठेवून विचारा. वेल्डिंगची रेघ दिसली तर नखाने खरवडून बघा. चांगलं वेल्डिंग सलग, सारख्या लाटांचं असतं. पोपडे आणि गुठळ्या असतील तर ते रस्त्याकडेच्या ग्रिल-खिडक्यांच्या दुकानात झालेलं आहे.

विकणाऱ्याला नेमकं काय विचारू?

तीनच गोष्टी. का बदललं, कुणी बदललं, आणि काढलेले पार्ट कुठे आहेत. तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. ज्याने विचार करून बदल केला त्याने जुने पार्ट फळकुटाच्या पेटीत, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असतात, आणि तो ते आनंदाने काढून दाखवतो. "ते भंगारात गेले हो" असं उत्तर आलं तर किंमत कमी करायला तुमच्याकडे कारण आहे, कारण उद्या गाडी मूळ रूपात न्यायची ठरली तर ते पार्ट तुम्हालाच बाहेरून मागवायचे आहेत.

"का" या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे बहुतेक वेळा स्पोर्टी चालवण्याशी संबंधित नसतं. पार्ट मिळाला नाही म्हणून जे मिळालं ते बसवलं, हेच खरं कारण असतं. जीपचा शॉकअप, फियाटचा बुश (सांध्यात बसणारं रबरी अस्तर), ट्रकच्या पाट्यातून कापून काढलेला पाटा. इंग्लंडमधल्या मालकाने मुद्दाम विकत घेऊन लावलेलं किट आणि इथल्या मिस्त्रीने गाडी रस्त्यावर राहावी म्हणून केलेली जुळवाजुळव, या दोन गोष्टी वेगळ्या तराजूत तोलायच्या. दुसऱ्या प्रकाराला मी नावं ठेवत नाही. गाड्या जगल्या त्यामुळेच. पण काम भागलं म्हणजे ते बरोबर झालं असं नाही.

लिव्हरचे शॉकअप काढून टेलिस्कोपिक (नळीत सरकणाऱ्या दांड्याचे) घातलेत. चांगलं की वाईट?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथे पुढचं आणि मागचं वेगळं करून बघावं लागतं.

मागे लिव्हरचा शॉकअप फक्त शॉकअपचंच काम करतो. तो काढून त्याच बोल्टांवर ब्रॅकेट लावायचं, खाली पाट्याच्या प्लेटला दुसरं टोक अडकवायचं, की झालं टेलिस्कोपिक. परत मूळ रूपात आणणंही सोपं. पुढे मात्र लिव्हरचा शॉकअप हाच वरचा विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारा वरचा दुहेरी दांडा, असतो. त्याचे दोन दांडे किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या उभ्या खिळ्याचं) वरचं टोक धरून ठेवतात. म्हणून पुढचं टेलिस्कोपिक किट दोन प्रकारे बनतं : एकात शॉकअप पूर्ण काढून वेगळा वरचा विशबोन येतो, दुसऱ्यात जुना शॉकअप नुसता बिजागरी म्हणून ठेवतात आणि शेजारी टेलिस्कोपिक लावतात.

हा दुसरा प्रकार असेल तर शॉकअपवरचं तेल भरायचं बूच उघडाच. आतला व्हॉल्व्ह काढलेला असला तरी आतल्या शाफ्टला तेल लागतंच. पुष्कळांनी "आता याचं काम नाही" म्हणून तेल पूर्ण काढलेलं असतं, शाफ्ट कोरडा घासत राहतो, आणि वर्षा-दोन वर्षांत पुढचं चाक वरच्या बाजूने हलायला लागतं. मग मालक किंगपिनला दोष देतो.

यापुढे बघायचं ते लांबी. शॉकअप चुकीच्या लांबीचा असेल तर खड्ड्यात गाडी दबताना बंप रबर (गाडी पूर्ण दबली की टेकणारा रबरी ठोकळा) टेकायच्या आधीच शॉकअपचा दांडा तळाला लागतो. तो धक्का मग सरळ ब्रॅकेटमधून बॉडीच्या पत्र्यात जातो आणि पत्रा बोल्टांभोवती चिरतो. तपासायला महागडं यंत्र नको. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट आवळायचा, तो सरकवून खाली सीलला टेकवायचा आणि गाडी नेहमीच्या रस्त्याने फिरवून आणायची. टाय दांड्यावर कुठवर ढकलला गेलाय ते बघितलं की शॉकअप किती दबला ते कळतं. दांड्याच्या अगदी टोकाशी, माउंटिंगला चिकटला असेल तर लांबी चुकलेली आहे. शॉकअपवर बाहेरून रबरी बूट असेल तर तो वर सरकवूनच हे करता येईल.

मागच्या एक्सलला बॉडीपासून लटकणारे रबर-कॅनव्हासचे पट्टे असतात, चाक खाली किती जाईल ते अडवणारे. टेलिस्कोपिक बसवताना ते काढून टाकायची खोड पुष्कळांना आहे. पट्टे नसतील तर चाक लटकलं की सगळं वजन शॉकअपच्या आतल्या भागावर येतं. नवे पट्टे फार खर्चाचे नाहीत, लगेच लावा.

माझं मत विचाराल तर : मागे बोल्टने लावलेलं चांगलं किट असेल तर राहू द्या. पुढे मूळ लिव्हर शॉकअप नीट दुरुस्त करून मिळत असेल तर मला तोच बरा वाटतो.

किटवर ॲडजस्ट करायची सोय आहे. कितीवर ठेवू?

आधी चारही सर्वांत मऊ करा, मग चालवा. आधीच्या मालकाने डावा-उजवा वेगवेगळा सोडलेला सापडतो. काही शॉकअपला बाहेरून स्क्रू असतो. लाल रंगाचे जुने कोनी कंपनीचे शॉकअप मात्र गाडीवरून काढून, पूर्ण दाबून, मग फिरवावे लागतात, त्यामुळे त्यांना बसवल्या दिवसापासून कुणी हात लावलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

लिव्हर शॉकअप मूळचेच आहेत, पण गळतात. तेल भरत राहिलं तर चालेल?

काही दिवस चालेल. गळती शाफ्टच्या सीलपाशी असेल तर दुरुस्तीला काढावेच लागतील. तोवर शॉकअपचं हलकं तेल किंवा मोटरसायकलचं फोर्क ऑइल भरा. आमच्याकडे गाड्या येतात तेव्हा आत इंजिन ऑइल, कधी चक्क ब्रेक फ्लुइड भरलेलं निघतं. ब्रेक फ्लुइड अजिबात नको. आणि बूच उघडायच्या आधी भोवतीची लाल माती ब्रशने आणि रॉकेलने धुऊन घ्या, नाहीतर तेलाबरोबर जांभ्याचं पीठही आत जातं.

गाडी खाली केली आहे. दिसते फार छान. काही धोका?

दिसते छान, हे मान्य. पण दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळची फेरीबोट पकडताना ओहोटी असली की उतार आणि फळीमधला कोन एवढा तिरपा होतो की साध्या उंचीच्या जुन्या गाडीचाही सायलेन्सर घासतो. गावागावांतल्या गतिरोधकांची उंची तर ज्याची त्याची मर्जी. कोकणात दोन इंच खाली केलेली गाडी म्हणजे घराबाहेर पडताना रस्ता आठवून पडायचं.

आता धोका. पुढची उंची कमी करायचे मार्ग दोन : आखूड स्प्रिंग विकत आणून घालायच्या किंवा आहे ती कापायची. कापलेली स्प्रिंग ओळखायला तिची टोकं बघा. कारखान्यातून आलेल्या टोकाला एक ठरावीक आकार असतो. कापलेलं टोक तिरपं, ओबडधोबड असतं. ग्राइंडरने थंड कापली असेल तर एक वेळ ठीक, पण गॅस कटरने कापली असेल तर उष्णतेने त्या भागातलं पोलाद बदललेलं असतं आणि तिथे तडा जाऊ शकतो. निळसर-जांभळट पट्टा दिसला की ती स्प्रिंग बदलायची, त्यात घासाघीस नाही. शिवाय वेटोळी कमी झाली की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते, आणि त्या कडकपणाला जुना शॉकअप पुरा पडत नाही. गाडी मग खड्ड्यानंतर डोलत राहते.

मागे पाटा आणि एक्सलच्या मध्ये ठोकळे घातलेले असतात. ठोकळा ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा, एकसंध, आणि पाट्याच्या मधल्या बोल्टच्या डोक्यात नीट बसणारा हवा. दोन ठोकळे एकावर एक रचलेले मी बघितले आहेत. लाकडाचाही एकदा बघितला, सागवान होतं, हे कबूल केलं पाहिजे. ठोकळ्यामुळे एक्सल पाट्यापासून दूर जातो, त्यामुळे जोरात पिकअप घेताना पाटा पिळवटण्याची ताकद वाढते आणि मागचं चाक टपटप उड्या मारतं. यू-बोल्ट लांबीला पुरतात का, नटाबाहेर दोन-तीन आटे येतात का, तेही बघा.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज घोळ घालते. चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजा, चारही कोपरे. ड्रायव्हरच्या बाजूने थोडी झुकलेली एमजी ही जुनी ओळखीची गोष्ट आहे, एकटा मालक वर्षानुवर्षं चालवतो तेव्हा उजवा पाटा बसतो. पुढच्या दोन बाजूंत मात्र ठळक फरक दिसला तर कारण शोधायचं.

रबर बंपरच्या गाड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. १९७४ च्या उत्तरार्धात आलेल्या या गाड्या अमेरिकेतल्या बंपरच्या उंचीच्या नियमांसाठी कारखान्यातच इंच-दीड इंच उंच केल्या होत्या. अशी गाडी कुणी क्रोम बंपरवालीच्या उंचीवर आणली असेल तर तो बदल मी बिघाडात धरत नाही. फक्त कसा आणला ते बघायचं. पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती आडवी तुळई) बदलून आणली असेल तर स्टिअरिंग रॅक आणि कॉलमची रेघ जुळते का, स्टिअरिंग कुठे अडकतं का, हे हाताने पूर्ण फिरवून बघा.

आमची गाडी उलट उंच केली आहे. मागे एक पाटा जास्त आहे.

हे खास आपल्याकडचं. रस्ता खराब, गाडी टेकते, मग पाटेवाल्याकडून एक जास्तीचा पाटा चढवायचा. गाडी उंच होते आणि मागून दगडासारखी कडक होते. रिकाम्या टू-सीटरमध्ये मागे वजनच नसतं. कडक पाट्यांमुळे मागची चाकं उखडलेल्या रस्त्यावर जमिनीला नीट चिकटत नाहीत, आणि पावसात वळणावर मागचा भाग सरकतो. जास्तीचा पाटा काढा. बाकीचे बसले असतील तर पाटेवाला ते तापवून, कमान देऊन, पाणी देऊन परत करतो. चांगला कारागीर असेल तर हे काम टिकतं, पण नव्या पाट्यांची जोडी मिळत असेल तर तीच घ्या. एकाच बाजूचा पाटा बदलायचा नाही, बदलायचे तर दोन्ही.

पॉलियुरेथेनचे बुश घातलेत. ठेवू?

पुढच्या विशबोनला चालतील. मागच्या पाट्यांच्या डोळ्यांत (टोकाच्या गोल भोकांत) मला ते आवडत नाहीत. कारण असं, की एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की एक्सल तिरका होतो आणि पाटा थोडा पिळला जातो. रबर ती पिळण सोसतं. कडक पॉली सोसत नाही, मग ताण पाट्यावर आणि बॉडीला जिथे पाटा लागतो त्या पत्र्यावर येतो.

दुसरी कटकट आवाजाची. बसवताना सिलिकॉनचं खास ग्रीस लावावं लागतं. ते सुकलं आणि लाल धूळ आत गेली की गाडी प्रत्येक गतिरोधकावर कुरकुरते. पाहुणे विचारतात, गाडी दुखतेय का?

पुढे रबरच घालायचं तर एमजीबी जीटी व्ही-८ साठी जे बुश आले, आत लोखंडी नळी आणि तिला चिकटलेलं रबर असलेले, ते घ्या. पॉलीइतकी ताकद बहुतेक तिथेच मिळते. एकच पथ्य : त्यांचे नट गाडी चाकांवर उभी असताना, वजन आल्यावरच पूर्ण आवळायचे. जॅकवर लटकत असताना आवळले तर गाडी खाली उतरवल्या क्षणापासून रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कमी झुकावी म्हणून लावलेला आडवा दांडा) आहे. जाड म्हणजे चांगला ना?

बारची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. १६ मिमीच्या जागी २२ मिमीचा बार घातला तर तो साधारण साडेतीन पट कडक होतो. डोळ्याला फरक बोटाच्या नखाएवढा दिसतो, गाडीला केवढा जाणवतो बघा. पुढचा बार फार जाड असेल तर गाडी वळणात पुढून बाहेर जाते. मागे जाड बार लावला तर मागून सुटते. आंबा घाटात पहिल्या पावसात, पाला आणि चिखल पसरलेला असताना, मागून सुटणारी गाडी कुणालाही नको.

कारखान्याने स्वतःच यात उलटसुलट केलं होतं. रबर बंपर आल्यावर रोडस्टरमधून (उघड्या टपाच्या एमजीबीतून) पुढचा बार काही काळ गायब झाला, आणि १९७७ च्या मॉडेलपासून पुढे-मागे दोन्हीकडे बार आले. त्यामुळे तुमच्या गाडीला मागे बार आहे म्हणजे तो कुणीतरी लावलेलाच असेल असं नाही, आधी गाडीचं साल बघा. लावलेला असेल तर तो पत्र्याला जिथे बोल्ट केलाय तिथे आतून प्लेट दिली आहे का आणि बोल्टांभोवती बारीक चिरा आहेत का, एवढं तपासा.

स्टिअरिंग ढिलं आहे. आधीच्या मालकाच्या बदलांमुळे?

आधी झीज बघा, बदल नंतर. पुढचं चाक उचला, जॅक स्प्रिंगच्या थाळीखाली लावा, आणि चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर व्हील बेअरिंग ढिलं. तरीही हललं तर किंगपिन किंवा त्याच्या वर-खालची ट्रनियन, म्हणजे टोकाचा सांधा. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल असतात आणि कंपनीने दर ३,००० मैलांना ग्रीस सांगितलं होतं. हजारो रुपयांचं टेलिस्कोपिक किट लावलेलं आणि निपलमध्ये सुकून दगड झालेलं ग्रीस, ही जोडी इतकी नेहमीची आहे की आता मी ग्रीसगन घेऊनच गाडी बघायला जातो.

कॉम्प्युटर अलाइनमेंटवर नेली की सगळं कळेल ना?

आकडे कळतील, पण कुठल्या आकड्याशी ताडायचे ते तुम्हाला सांगावं लागेल, कारण मशीनच्या यादीत तुमची गाडी बहुधा नसते. एमजीबीसाठी कॅस्टर (किंगपिन मागे कललेला असतो तो कोन) ७ अंश, कॅम्बर (चाक वरून बाहेर कललं तर पॉझिटिव्ह, आत कललं तर निगेटिव्ह) साधारण १ अंश पॉझिटिव्ह आणि टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलीत ते) १/१६ ते ३/३२ इंच, म्हणजे दीड ते सव्वादोन मिमीच्या आसपास. टो सोडलं तर यातलं काहीच जागेवर ॲडजस्ट होत नाही. म्हणून कॅम्बर चुकीचा आला तर काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा बदललंय. निगेटिव्ह कॅम्बरसाठी मुद्दाम लांब केलेले खालचे विशबोन मिळतात. ते असतील तर दोन्हीकडे सारखं निगेटिव्ह दिसेल. एकाच बाजूला दिसलं तर कधीतरी गाडी कठड्याला किंवा गटारात गेलेली आहे.

टेस्ट ड्राइव्ह कुठे आणि कशी घ्यावी?

विकणारा नेईल त्या गुळगुळीत रस्त्यावर नको. रत्नागिरीत असाल तर आरे-वारेचा रस्ता चांगला. समुद्राकडेची वळणं, चढ-उतार, वेग बेताचा. तिथे गाडी किती झुकते आणि वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून सरळ होतं का ते कळतं. मग मुंबई-गोवा हमरस्त्यावर हातखंब्याच्या बाजूला काम अर्धवट असलेला पट्टा शोधा, तो शोधायला फार वेळ लागत नाही. तिथे ताशी तीसच्या वेगाने, काचा खाली करून, रेडिओ बंद.

कान द्यायचा तो आवाजाच्या जातीकडे. बारीक खणखण असेल तर अँटी-रोल बारची लिंक किंवा ढिला ब्रॅकेट. एकच जड "धप्" असेल तर काहीतरी शेवटपर्यंत दबून टेकतंय. कुरकुर म्हणजे बुश. ब्रेक लावताना एकदाच "टक्" झालं तर पुढच्या शॉकअपचे चार बोल्ट बघा, ते सैल व्हायची सवय आहे आणि त्यांच्यावर अख्खा वरचा विशबोन उभा आहे. एखाद्या मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना, स्टिअरिंग हलकं धरून ॲक्सिलरेटर सोडा आणि परत द्या. गाडी पिकअपला एका बाजूला आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला ओढत असेल तर मागचा एक्सल पाट्यांवर सरकतोय : यू-बोल्ट सैल किंवा बुश संपलेले.

परत आल्यावर चारही शॉकअपना हात लावून बघा. खराब रस्त्यावरून आल्यावर काम करणारे शॉकअप कोमट होतात. तीन कोमट आणि एक गार, तर तो गारवाला काही करत नाहीये. जपून, पुढे सायलेन्सरचा पाइप जवळ आहे.

समुद्राजवळ राहतो. गंजाचं काय?

खरं तर हा पहिला प्रश्न असायला हवा. शॉकअप उत्तम, बुश नवे, आणि ज्या पत्र्याला ते लावलेत तोच कुजलेला, असं असेल तर सगळी चर्चा फुकट. एमजीबीला वेगळी चेसी नाही, बॉडीच सगळं वजन घेते, त्यामुळे दाराखालचे सिल आणि पाट्यांचं पुढचं टोक जिथे बॉडीला लागतं ती पेटी, या दोन जागा जाऊन चालत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. निरोगी पत्रा टणटणतो, कुजलेला भसभस वाजतो.

खाली जाड, ताजं, काळं रबरी कोटिंग असेल तर खूश होऊ नका. खाऱ्या हवेत गंजावरच कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि गंज आतून वाढतो. कोटिंगला फुगा आलाय तिथे टोचायची परवानगी मागा. परवानगी नाही मिळाली तर तेही उत्तरच झालं.

चिपळूण-खेड भागातली गाडी असेल तर २२ जुलै २०२१ च्या पुरात ती कुठे होती हे सरळ विचारा. वाशिष्ठीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं त्यांच्या बंद पेट्यांमध्ये गाळ राहिलेला असतो. सिलच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात, त्यात तार घालून ओढा. पिवळट चिखल आला तर कळेल.

रुंद टायर आणि स्पेसर (चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) लावलेत.

स्पेसर काढा. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर ताण वाढतो. टायर मडगार्डला घासतात का ते दोघं बसवून, स्टिअरिंग पूर्ण फिरवून बघा. आणि टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. नक्षी शिल्लक असली तरी दहा-बारा वर्षांचे टायर घेऊन सस्पेन्शनबद्दल काहीही ठरवू नका.

माझी एमजीबी नाही, ट्रायम्फ स्पिटफायर आहे.

मग वरची बरीच उत्तरं उलटी होतात. स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीवरून आलेली, आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्डच्या कारखान्यात बनत होती, त्यामुळे जुन्या मिस्त्रींना हे सस्पेन्शन हातचं माहीत असतं. मागे आडवा पाटा आणि स्विंग एक्सल, म्हणजे मधल्या सांध्यापासून दोन्ही बाजूंना वेगवेगळे वर-खाली झुलणारे अर्धे एक्सल. वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की बाहेरचं मागचं चाक आत मुडपतं आणि गाडी फिरू शकते. या गाडीत मागची उंची थोडी कमी केलेली असेल तर त्यात शहाणपण आहे, चाकं वरून आत झुकतात आणि मुडपणं कमी होतं. उलट मागे जास्तीचा पाटा घालून उंच केलेली स्पिटफायर मी घाटात चालवणार नाही. १९७० च्या अखेरीस आलेल्या मार्क फोर मॉडेलपासून कंपनीने पाटाच बदलून हा दोष बराच आवरला, म्हणून कुठला पाटा बसलाय ते आधी ठरवा.

पुढच्या खालच्या ट्रनियनला ग्रीस नव्हे, गिअरचं ईपी-९० तेल द्यायचं. आत पाणी राहिलं की उभी लिंक (पुढचं चाक धरणारा उभा भाग) आट्यांपाशी गंजते आणि एक दिवस तुटते, चाकासकट. आपल्या पावसात हे काम पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा करावं.

आरटीओला हे बदल चालतात का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. शॉकअप किंवा बुश बदलल्याने आरसीतलं काही बदलत नाही. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, व्हीए मालिकेचा नंबर, १० वर्षांसाठी, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. त्यात अट आहे की चेसी, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा बदल करून मूळ रूप घालवलेलं नसावं. माझ्या मते बोल्टने लावलेलं आणि काढता येणारं काहीही त्यात अडचण करू नये. बॉडीचा पत्रा किंवा क्रॉसमेंबर कापून वेल्ड केलेला असेल तर मात्र अर्ज करायच्या आधी विचार करा. या नोंदणीवर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. विमा घेताना बदल लिहून कळवा.

मग सगळं काढून ओरिजनल करून टाकू का?

घाई नको. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तोच रस्ता परत चालवा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही. आधी टायर, मग झिजलेलं रबर, ग्रीस आणि सैल बोल्ट. एवढ्यावरच अर्ध्या गाड्यांची तक्रार मिटते. कापलेली स्प्रिंग, रचलेले ठोकळे, फाटलेला पत्रा यांना मात्र थांबायला वेळ नाही, ते पहिल्याच आठवड्यात.

उरलेल्यांत मी असा निवाडा करतो : बदल बोल्टने केलाय आणि जुना पार्ट पेटीत आहे, तर वर्षभर चालवून बघा. बदल कापून केलाय, तर आत्ताच हात घाला. आपल्या रस्त्यांना मऊ, मूळ उंचीची, ताज्या रबराची गाडीच मानवते असं माझं ठाम मत झालंय, पण तुम्ही गाडी दर महिन्याला कोल्हापूरला घाट चढून नेत असाल तर थोडी कडक गाडी तुम्हाला आवडेलही.

पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहते. सस्पेन्शनसाठी काही?

धुऊन, खालून पूर्ण सुकवून ठेवा. पाट्यांच्या मधल्या फटींत ब्रशने ग्राफाइट ग्रीस भरा. स्टँड लावणार असाल तर मागे एक्सलखाली आणि पुढे स्प्रिंगच्या थाळीखाली लावा, बॉडीखाली नको. बॉडीखाली लावले की चाकं चार महिने लटकत राहतात आणि नवे बुश ताणून बसतात. शेड मातीच्या जमिनीची असेल तर प्रत्येक स्टँडखाली फळी घाला, नाहीतर जुलैत एक पाय खचतो.